समोरचा डावा हात

५ फेब्रुवारी

हातवाल्या बाईंनी सांगितलं म्हणून लिहायला बसले. कधी दुखतं, काय करताना दुखतं, कुठून कुठे जातं, ते रोज लिहायचं म्हणे. आता दुखणं काय पाहुणं आहे, इकडून तिकडे जायला? उजव्या खांद्यात ठाण मांडून बसलंय आणि मुक्काम हलवायचं नाव नाही.

तर आज दुखलं ते असं. वरच्या फळीवरचा डबा काढताना. केस विंचरताना. स्वेटरच्या बाहीत हात घालताना. झोपेत कूस बदलताना. आणि कामावर चादरीला झटका देताना तर डोळ्यांपुढे काजवे चमकले.

काम म्हणजे लाँड्री. गल्लीतली नव्हे, मोठी. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी येतात. धुऊन, गरम रुळाखालून इस्त्री होऊन बाहेर आल्या की आम्ही घड्या घालतो. मोठ्या चादरीला दोघी लागतात. समोरासमोर उभं राहायचं, दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एकदम झटका द्यायचा म्हणजे चादर ताठ होते, मग पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा द्यायचा. माझ्यासमोर असतात वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला इथे चिकटवलं, तेव्हापासून आमची जोडी. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याकडेच असतात. घरात समोर त्याच, कामावर समोर त्याच. माझं नशीब एकदा वाढून थांबलं नाही.

साहेबांना माझी दया कशी आली कोण जाणे. मी तर तिथे हूं की चूं केलं नव्हतं. स्वतःच बोलावून म्हणाले, समोरच्या औषधांच्या दुकानावर एक बाई बसतात, आपल्या लोकांसाठी बोलून ठेवलंय, जाऊन या. दारावर 'ऑस्टिओपॅथ' लिहिलंय. ते माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी त्यांना हातवाल्या बाई म्हणते. सुई नाही, गोळी नाही, यंत्र नाही, नुसते हात. घरी म्हटलं, शेवटी मालिशवालीच ना? तर वन्सं म्हणाल्या, "जाऊन तर ये, वहिनी." बोलायला काय जातं? त्यांचे खांदे ठणठणीत आहेत.

९ फेब्रुवारी

मधे लिहिलं नाही, पेन धरवेना. आज डाव्या हाताने उजव्या मनगटाला टेकू दिलाय, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

लाँड्रीत घडीचं यंत्र येणार अशी कुजबुज आहे. आम्ही तीन जोड्या. यंत्र आलं की एकच राहणार, समारंभांच्या लांबलचक टेबलक्लॉथसाठी, कारण ते यंत्रात मावत नाहीत. जी जोडी चांगली ती राहील, बाकीच्यांनी घरी जायचं. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. मला दुसरं येतं काय? जन्मभर कोपऱ्याला कोपरा लावला. हा हात गेला तर मी नुसतं खाणारं तोंड.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "होईल बरं." ह्यांच्याकडे हे दोन शब्द तयारच असतात, फक्त गरम करून वाढायचे. आणि बोलताना काय करत होते, तर वन्संना फळाच्या फोडी करून देत होते. एवढी घोडी झालेली बहीण, तिला फोडी! खांदा माझा मोडलाय आणि लाड तिकडे.

१३ फेब्रुवारी

हातवाल्या बाईंनी आज मला आधी चालायलाच लावलं. म्हटलं, अहो खांदा दुखतोय. त्या म्हणाल्या, "खांदा काय एकटा येतो का कामावर?" मग मला उभं करून मागून बघत राहिल्या. उजवी बाजू वर ओढलेली, डाव्या कमरेवर सगळा भार, मान एकीकडे कललेली. हे सगळं मला ठाऊकच नव्हतं. रोज आरशात बघते, पण आपण समोरून बघतो ना.

टेबलावर निजवून माझा हात इतका हळू फिरवला की तो मी कोणाकडून उसना आणलाय असं वाटलं. खांद्याच्या फऱ्याखाली बोटं ठेवून थांबल्या. दाबतात कमी, थांबतात जास्त. मग पाठीत कट् झालं आणि मी "मेले!" म्हणून ओरडले. मेले नाही. उठले तर मान वळून मागचं कपाट दिसलं. किती दिवसांनी मागचं काही दिसलं! तिथेच रडू फुटलं. बाई म्हणाल्या, "रडा, या टेबलावर खूप जण रडतात. दुखतं तिथे फक्त दुखतं हो, बिघडलेलं असतं दुसरीकडे. तुमचं कुठे बिघडतंय ते शोधायचंय."

घरी व्यायाम दिलाय. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. वन्संनी पाहिलं आणि हसल्या, "वहिनी, पाल झालीस की!" मी म्हटलं, या, तुम्हीही चढा. त्या म्हणाल्या, "माझी पाल पडेल गं," आणि आत निघून गेल्या. एवढ्यात एवढ्यात त्यांचं असंच आहे, थट्टा अर्धी टाकून जातात.

१५ फेब्रुवारी

पुन्हा तेच. दोन दिवस बरं वाटलं आणि आज कामावरून आले ती हात कुशीत धरूनच. बाई दुखणं काढतात आणि काम ते परत घालतं. बुडत्याचा पाय खोलात. आज काही केलं नाही, पलंगावर बसून भिंत बघत राहिले.

२० फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

बाईंनी आज कपाटातली चादर काढली आणि म्हणाल्या, "चला, घडी घालूया. तुम्ही रोज करता तसं." दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. मी झटका दिला आणि चादर त्यांच्या हातातून सुटून माझ्या तोंडावर आली! बाई हसायला लागल्या. "अहो, मीपण धरलंय इकडून!" पुन्हा केलं. पुन्हा तेच, माझ्या उजवीकडचा कोपरा त्यांच्या हातून गेलाच. मला इतकी लाज वाटली.

मग त्यांचं हसू थांबलं. म्हणाल्या, "तुम्ही उजव्या हाताने दोघींचं ओढताय. समोरून ओढ येणारच नाही असं धरून तुमचा हात चालतो. डावा हात मात्र शहाण्यासारखा ओढतो. समोर कोण असतं?"

"नणंद," मी म्हटलं.

"तुमच्या उजव्यासमोर त्यांचा डावा येतो. तो काय करतो?"

"तो आराम करतो," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांना एकदा घेऊन या माझ्याकडे."

कशाला? माझ्या वाटणीची वेळ मी त्यांना देऊ? तक्रार माझी, दुखणं माझं. रस्ताभर अंगाचा नुसता तिळपापड होत होता. म्हणजे इतके दिवस मी वन्संचं ओझं ओढतेय!

२२ फेब्रुवारी

दोन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिलं. बाई म्हणतात ते खरंच आहे. वन्संचा डावा कोपरा सैल येतो. झटका द्यायच्या आधी त्या चादर मुठीला गुंडाळून घेतात, त्याने सुरकुत्या पडतात, मुकादमीणही ओरडली. पूर्वी त्या चिमटीत असा कोपरा धरायच्या की चादर टाळी दिल्यासारखी वाजायची. आमच्यात म्हणतात, चादर खोटं बोलत नाही. समोरचीचं मन कामात आहे की नाही, ताप आहे की भांडण आहे, सगळं कापडातून हाताला कळतं. मला इतके महिने कळत होतं आणि मी खांद्याला दोष देत होते.

बोलले नाही. कसं बोलणार? ह्यांची लाडकी.

२७ फेब्रुवारी

वन्संनी केस कापून आणले, मानेपर्यंत. एवढा लांबसडक शेपटा! मी विचारलं तर म्हणे विंचरायचा कंटाळा. बूटही नवे घेतलेत, नाडी नसलेले. या वयात थेर सुचताहेत. आणि आज माझ्या माहेरचा कप फोडला. निळ्या काठाचा, शेवटचा उरलेला. "निसटला गं," म्हणाल्या, आणि तुकडे गोळा करायला हे धावले. त्या नुसत्या उभ्या, डावा हात खिशात. मालकीणबाई!

१ मार्च

यंत्र आलं. साहेबांनी सांगितलं, पुढच्या आठवड्यात तिन्ही जोड्यांचं काम बघून एक ठेवणार.

घरी येताना वन्सं म्हणाल्या, "वहिनी, एवढा आठवडा सांभाळून घे. एकदा जोडी म्हणून आपण राहिलो ना, की मग बघू." सांभाळून घे! मी अजून किती सांभाळू? माझा खांदा निखळून त्यांच्या पायाशी पडला की पुरे होईल का?

हातवाल्या बाईंनी आज पुन्हा विचारलं, "नणंदेला आणलं नाहीत?" मी म्हटलं, त्यांना वेळ नाही. मी वन्संना विचारलंच नव्हतं.

४ मार्च

सांगून टाकलं साहेबांना. मी ओढते, त्या लटकतात, मला दुसरी जोडीदारीण द्या. तिसऱ्या जोडीतली ताडमाड आहे, खांबासारखी उंच आणि तशीच भक्कम, तिच्यासोबत मला बघा. साहेब बराच वेळ टेबलावर पेन्सिल आपटत राहिले. म्हणाले, "तुम्ही दोघी घरी बोललात का?" मी म्हटलं, घरचं घरी. त्यांनी मान हलवली.

वन्संना मळक्या कपड्यांच्या निवडीवर घातलं.

५ मार्च

वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. वन्सं म्हणाल्या, "बरोबर केलंस, वहिनी. मला सुचायला हवं होतं." टोमणा मारायची ही नवी तऱ्हा. हे माझ्याशी बोलत नाहीत.

१६ मार्च

आम्ही राहिलो, मी आणि ताडमाड. पहिल्या झटक्याला चादर वाजली तेव्हा मुकादमीणसुद्धा वळून बघायला लागली.

खांदा उतरतोय. बाईंनी मान, पाठ, कंबर सगळं हळूहळू मोकळं केलं. हात लांब करून ओढू नका, कोपर अंगाजवळ ठेवा, पाय पुढे टाका. टेबल उंच करून घ्या, थोडं थोडं थांबत जा. मी ताडमाडलाही शिकवलं. आज वरच्या फळीवरचा डबा सहज काढला, आणि हातात धरून तशीच उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. घरात कोणाला सांगू?

३ एप्रिल

वन्संनी काम सोडलं. निवडीवरच्या बायका सांगतात, पोत्याची गाठ त्यांना बांधता येत नव्हती, दुसऱ्या कोणीतरी बांधून द्यायच्या. गाठ येत नाही! मला चिडायचं होतं, पण राग आलाच नाही.

६ एप्रिल

देवा, मी काय केलं?

सकाळी वन्सं उन्हात खुर्चीवर बसल्या होत्या. डावा हात मांडीवर उपडा पडलेला. मी चहा ठेवायला वाकले आणि पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे मांसच नाही. तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा खळगा. हातवाल्या बाई माझ्या तिथेच बोट ठेवून म्हणायच्या, "ही तुमची चिमूट, घडीवाल्यांची इथे भरदार असते." वन्संचं सगळं वाहून गेलंय.

मी हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही. ताकदच नव्हती काढून घ्यायला.

"कधीपासून?"

"वर्ष होईल. चहा निवतोय, वहिनी."

हे दारात उभे होते. ह्यांना माहीत होतं! फळाच्या फोडी, फुटलेल्या कपाचे तुकडे, सगळं माहीत असूनच. मी किंचाळले, मला का नाही सांगितलं? हे म्हणाले, "तिने शपथ घातली होती. तू चिडतेस ना, की तोंडावर ताबा राहत नाही तुझा. लाँड्रीत कळलं असतं तर त्याच दिवशी जोडी मोडली असती." मला ह्यांचा इतका राग आला आणि ह्यांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं.

८ एप्रिल

वन्संना घेऊन गेले. मीच नेलं, दीड महिना उशिरा.

हातवाल्या बाईंनी त्यांना टेबलावर घेतलंच नाही. खुर्चीवर बसवून दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि बघत राहिल्या. अंगठ्यात आणि बोटात कागद धरायला लावला. बाईंनी जरासा ओढला, निघून आला. मग दंडावर हात ठेवून थांबल्या. तिथे कातडीखाली काहीतरी फडफडत होतं, आपोआप. बाई म्हणाल्या, "हे माझं काम नाही. हे सांध्याचं नाही, मज्जातंतूंचं आहे. मोठ्या इस्पितळात दाखवायला हवं, आजच."

"दाखवलंय," वन्सं म्हणाल्या. "त्यांनी नाव पण सांगितलं. औषध नाही म्हणाले."

मी म्हटलं, माझा खांदा नाही का बरा झाला? तुम्ही हात तर लावा! बाई म्हणाल्या, "तुमच्या खांद्याला विश्रांती हवी होती, वळण हवं होतं. यांच्या हाताला हुकूमच पोचत नाहीये. मान आखडलीय, पाठ दुखते, ते मी हलकं करीन, जरूर करीन. ताकद परत आणता येणार नाही मला."

जिना उतरताना वन्सं म्हणाल्या, "तुझा खांदा माझ्यामुळे गेला, ते मला रोज कळायचं. तू ओढायचीस ना, माझ्या हाताला कळायचं. पण मी सोडलं असतं तर तुला एकटीला कोणी ठेवलं असतं? वाटलं, एवढं यंत्र येऊन निवड होईपर्यंत टिकावं."

रस्त्यात उभी राहून रडले, लोक बघत होते तरी.

१० एप्रिल

साहेबांकडे गेले. म्हटलं, त्यांना बसून करायचं काहीतरी काम द्या. साहेब म्हणाले, "हात चालत नाही, मी कुठे बसवू?" मग म्हणाले, "एक सांगू? जानेवारीत त्याच आल्या होत्या माझ्याकडे. वहिनीचा खांदा गेलाय, तिला समोरच्या बाईंकडे पाठवा म्हणाल्या. माझं नाव सांगू नका, नाहीतर ती जायची नाही."

खरंच गेले नसते.

२४ एप्रिल

आज हातवाल्या बाईंनी मला नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठे दुखतं?" म्हटलं, कुठेच नाही. हात वर, मागे, बाजूला, सगळीकडे जातो. बाई म्हणाल्या, "मग तुमचं आज संपलं, यायला नको." मी टेबलावरून उठेचना. मला ते दुखणं परत हवं होतं. दुखत होतं तेव्हा वन्संचा हात समोर होता.

ताडमाड छान ओढते. चादर दिवसभर वाजत असते. मला तो आवाज सहन होत नाही.

४ मे

वन्संना रोज व्यायाम करून घेते. बोटं एकेक करून उघडते, मिटते. मला वाटतं थोडा फरक आहे. काल चमचा धरला होता. हे म्हणाले, "तो उजव्या हाताने." म्हटलं, तुम्ही गप्प बसा. मनापासून केलं तर होईल. हातवाल्या बाई दर आठवड्याला त्यांची मान मोकळी करतात, त्या रात्री त्या शांत झोपतात. हे काही थोडं नाही.

१९ मे

आता वन्संचा उजवाही.

मी लिहिणार नव्हते. पण लिहिते. आज सुट्टी होती. वाळलेली चादर मी दोरीवरून काढून एकटीच घडी घालत होते, तर वन्सं खुर्चीतून म्हणाल्या, "एकटी काय करतेस? जोडी आहे की इथे." मी त्यांना धरून उभं केलं, पलंग आणि कपाट यांच्या मधे. दोन्ही मुठींना कोपरे गुंडाळून दिले. समोर जाऊन माझे कोपरे धरले.

"दे झटका," त्या म्हणाल्या.

मी हात नुसते वर केले. चादर मधोमध झोळीसारखी लोंबत राहिली. मग पुढे गेले, त्यांच्या हातांतून कोपरे घेतले, कोपऱ्याला कोपरा लावला. चादर त्यांच्या हातून सुटली नाही. मी ओढलीच नाही. त्यांना कळलं असणार, कापडातून कळतंच. त्या हसून म्हणाल्या, "बघ, जमलं." मी म्हटलं, "जमलं, वन्सं."

घडी वाकडी झाली होती. तशीच कपाटात ठेवली.